गंधक कोणी नेलं, वहिनी?

वहिनी, घाटावरून परत आल्यावर आंघोळीच्याही आधी मी गंधकाच्या कोठीचं कुलूप ओढून पाहिलं. इंदू पाण्याची बादली घेऊन दारात उभी होती आणि मी धुळीने भरलेल्या पायांनी मागच्या पडवीत जाऊन कुलूप ओढत होतो. तिने मला अडवलं नाही. माझ्याशी लग्न होऊन या घरात आल्यापासून तिने आपलं दोघांचं हेच पाहिलं आहे. रोज दिवेलागणीला तुम्ही ते कुलूप ओढायच्या आणि ओढून झालं की माझ्याकडे बघायच्या. त्या दिवशी ते कुणीच ओढलं नसतं तर मला अन्न गोड लागलं नसतं. कोठीत आता चोरण्यासारखं काही उरलेलं नाही. पण तुम्ही असत्या तर म्हणाल्या असत्या, घरात माणूस गेलं की सगळ्यांत आधी चोराला समजतं.

तेराव्याला आलेल्या बायकांपैकी कुणीतरी म्हणालं, "फार भोळी होती बाई." मी पानावरून मान वर करून त्या बाईंकडे पाहिलं. त्यांना तुमच्याकडून कधी काही हवं असणार आणि ते मिळालेलं नसणार, असं मला लगेच वाटलं. भोळ्या? तुमच्याइतकं संशयी माणूस मी दुसरं पाहिलं नाही. तुम्ही माझ्याबद्दल लोकांना हेच सांगायच्या.

इतवारीतल्या व्यापाऱ्याकडून गंधकाची गोणी आली की तुम्ही ती टांग्यातून खाली उतरवू द्यायच्या नाहीत. एकदा गोणीच्या तोंडातून आणि एकदा तळातून चिमूटभर गंधक काढायच्या, लोखंडी पळीत ठेवून जाळायच्या. निळी ज्योत विझल्यावर पळीत मातीचा ठिपका जरी राहिला तरी गोणी परत. व्यापारी हात जोडून सांगायचा की लढाईच्या दिवसांत एवढं पाहू नका. तुमचं उत्तर ठरलेलं होतं, की लढाईच्याच दिवसांत पाहावं लागतं. तो टांगेवाला सुद्धा आपल्या दारात येण्याआधीच घोड्याला पाणी पाजून घ्यायचा, कारण तुमची तपासणी लवकर आटपत नाही हे त्याला माहीत होतं.

दादा टायफॉइडने गेला तेव्हा दुकान विकून टाकावं असं सगळ्यांचं मत होतं. दादा मोटारीचा मिस्त्री. सीताबर्डीच्या मागच्या गल्लीत त्याने झिजलेल्या टायरांवर नवं रबर चढवून द्यायचं दुकान टाकलं होतं. एक बॉयलर, दोन साचे, आणि रबर मळायचा हाताने फिरवायचा रुळांचा घाणा. मी रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून होतो. दुकान विकायचा विषय निघाला तेव्हा तुम्ही मला बोलावून विचारलंत, की घेणारा माणूस एवढी घाई काहून करून राहिला? त्या एका प्रश्नावर दुकान विकायचं राहिलं. मी नोकरी सोडून आलो. गिऱ्हाईक, परवाने, मोटारमालकांशी बोलणं माझ्याकडे; रबर, गंधक आणि भट्टी तुमच्याकडे. दादाच्या शेवटच्या आजारात भट्टी तुम्हीच सांभाळत होता. बॉयलरपाशी दुकानातला गडी सोमा होताच.

ज्याला हे काम माहीत नाही त्याला वाटतं टायर म्हणजे नुसतं रबर. कच्चं रबर कणकेच्या गोळ्यासारखं असतं. उन्हात चिकटतं, थंडीत ताठतं. त्यात गंधक मळून ते वाफेवर शिजवलं की पक्कं होतं, ओढलं तरी परत जागेवर येतं. गंधक कमी पडलं तर चढवलेला पट्टा मऊ राहतो, त्यात नख रुततं, आणि वैशाखात आपल्याकडचं डांबर तापलं की तो सालीसारखा सुटून येतो. जास्त पडलं तर पट्टा कडक होऊन तडकतो. तेच गंधक आणखी वाढवत नेलं की रबराची फणी होते, फौंटनपेनची नळी होते, मोटारीच्या बॅटरीचं खोकं होतं. शिवाय जास्तीचं गंधक आत राहत नाही. थोड्या दिवसांनी पिवळट, बारीक भुकटी होऊन रबराच्या अंगावर येतं.

तुम्हाला हे समजावून सांगावं लागलं नव्हतं. तुमचं माहेर उमरेडचं, विणकरांचं. सुताला खळ कमी झाली तर ताणा पिंजतो आणि जास्त झाली तर तटकन तुटतो, हे तुम्ही लहानपणापासून पाहिलेलं. गंधक तोलताना मात्र तुम्ही माझ्याकडे पाठ करून बसायच्या. ते मला कधी आवडलं नाही.

मग मलाया जपान्यांनी घेतला आणि रबर बंद झालं. नवा टायर फौजेशिवाय कुणाला मिळेना. कोळशाच्या गॅसवर धापा टाकत चालणाऱ्या सर्व्हिस मोटारी टायरांपायी उभ्या राहायला लागल्या. उमरेडचे, भंडाऱ्याचे, काटोलचे मोटारमालक आपल्या गल्लीत खेटे घालू लागले. गंधक परवान्यावर मिळायचं आणि परवाना माझ्या नावावर होता, कारण परवाने देणाऱ्या साहेबाला बाईच्या नावावर तो देणं पटलं नाही. तेव्हा तुम्ही म्हणालात, "नाव तुमचं, किल्ली माझी." मी हसलो होतो. तुम्ही हसला नव्हता.

त्या उन्हाळ्यात मला पहिल्यांदा वाटलं की कोठीतलं गंधक फार लवकर खाली जात आहे. टायर तेवढेच होत होते, गोण्या तेवढ्याच येत होत्या, पण कोठीच्या भिंतीवर गंधकाची जी पिवळी रेघ असायची ती दर वेळी पाहावी तर आणखी खाली. किल्ली तुमच्या कमरेला. मग दुसऱ्या कुणाचं नाव घेणार?

तुमचा भाऊ विठ्ठल त्या दिवसांत वारंवार यायचा. साड्या विकायला उमरेडहून येतो म्हणायचा, येताना गाठोडं आणायचा आणि जाताना गाठोडं न्यायचा. साड्या विकल्या तर जाताना गाठोडं कशाचं, हा प्रश्न मी इंदूला विचारला. ती म्हणाली, "सुताचं असन. तुम्हाले काय करायचं?" एकदा ते गाठोडं ओसरीवर होतं तेव्हा मी वाकून वास घेतला. गंधकाचा वास होता. पण आपल्या घरात तेव्हा भाकरीलाही गंधकाचा वास असायचा, म्हणून मी गप्प बसलो. विठ्ठल प्रभातफेरीत जायचा, खादी घालायचा, आणि मी समोर आलो की बोलणं थांबवायचा. मला दोन गोष्टी सुचत होत्या. एक तर तुम्ही गंधक बाहेर विकत होता, किंवा विठ्ठलच्या मित्रांना देत होता. त्या मित्रांनी गंधकाचं काय केलं असतं हे सांगायला नको.

एकदा दुपारी तुम्ही देवळात गेला होता तेव्हा कोठीचं दार लोटलेलं दिसलं. कुलूप नुसतं अडकवलेलं होतं. मी आत जाऊन पाहिलं, किती उरलंय ते. बाहेर आलो तेव्हा दिसलं की उंबऱ्याच्या आत तुम्ही रांगोळीची एक बारीक रेघ ओढली होती आणि तिच्यावर माझ्या चपलेचा ठसा होता. लक्ष्मीसाठी म्हणून कोणी दाराच्या आत रांगोळी घालत नाही. ती माझ्यासाठी होती. कुलूपही मुद्दाम तसं ठेवलं असावं. रेघ पुसावी तर पुसलेली दिसली असती. मी तशीच ठेवली. संध्याकाळी तुम्ही नेहमीसारखं वाढलंत आणि मी मान खाली घालून जेवलो. इंदूने दोघांकडे पाहिलं आणि आपलं ताट घेऊन ती चुलीपाशी जाऊन बसली.

त्या दिवसापासून आपण एकमेकांवर नजर ठेवायला लागलो. मी तुमच्या पदराकडे बघायचो, तुम्ही माझ्या पिशवीकडे. तरी गंधक कमीच होत गेलं.

मग चळवळीचा तो पावसाळा आला. तारा तुटल्या, शाळा बंद झाल्या, गल्लीच्या तोंडाशी शिपाई बसायला लागले. ज्यांच्याकडे गंधक, सोरा असं बॉम्बच्या दारूला लागणारं काही यायचं त्या सगळ्यांकडे चौकशी सुरू झाली. त्याच सुमारास, पोळ्याच्या आधीच्या गर्दीत, आपण रबर चढवून दिलेल्या टायराचा पट्टा उमरेडच्या वाटेवर सुटला. मोटार कलंडून नाल्याच्या काठाला टेकली. माणसं वाचली, पण ड्रायव्हर कासमभाईंच्या गळ्याखालचं हाड मोडलं. कासमभाई दादाचे जुने दोस्त. बातमी आली तशी तुम्ही डोक्यावर पदर ओढून त्यांच्या घरी गेलात आणि संध्याकाळपर्यंत त्यांच्या बायकोजवळ बसून राहिलात. मी घरी बसून एकच विचार करत होतो. गंधक बाहेर गेलं म्हणून रबरात कमी पडलं, म्हणून पट्टा मऊ राहिला, म्हणून सुटला. तुम्ही परत आलात तेव्हा मी विचारणारच होतो. तुमचा चेहरा पाहिला आणि नाही विचारलं.

दुसऱ्या दिवशी फौजदार आले. एवढं गंधक येतं, एवढेच टायर होतात, मग बाकीचं कुठे जातं, असा त्यांचा सरळ प्रश्न होता. परवाना माझ्या नावावर. मी म्हणालो, सगळं टायरात जातं. ते म्हणाले, चला, ठाण्यात बसून बोलू. निघताना मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही खाली पाहिलंत. त्या खाली बघण्याचा मी ठाण्यात रात्रभर अर्थ लावत बसलो, आणि जो लावला तो तुमच्या बाजूचा नव्हता.

सकाळी तुम्ही आलात. मागे सोमा, त्याच्या डोक्यावर कासमभाईंच्या मोटारीचा तो टायर, सुटलेला पट्टा खाली लोंबणारा. ठाण्यात बाई आली म्हणून शिपाई जागचे उठले. तुम्ही टायर टेबलासमोर ठेवायला सांगितलात, त्याच्यावरून तळहात फिरवलात आणि पिवळा झालेला हात फौजदारांसमोर धरलात.

"साहेब, गंधक इथं आहे. भाऊजीले काही माहीत नाही. तोलायचं काम माझं. मले वाटे रबर हलकं येऊन राहिलं, म्हणून मी गंधक वाढवत गेली. वाढवलं ते सारं असं वर येते. पट्टाही त्याच्यानंच तडकला."

फौजदारांनी विचारलं की बाकीच्या टायरांतही असंच का. तुम्ही हो म्हणालात. बाई, म्हणजे तुमच्या दुकानचे सगळे टायर खराब, असं ते म्हणाले. तुम्ही त्यालाही हो म्हणालात. मग ते माझ्याकडे वळले. "तुम्हाला यातलं समजतं. खरं आहे का हे?"

मी टायराजवळ बसलो. अंगावर आलेली भुकटी चिमटीत धरली. वहिनी, जी आतून वर येते ती भुकटी पिठासारखी मऊ असते. माझ्या बोटांना कण लागले, कोठीतल्या गंधकाचे असतात तसे. म्हणजे ते वरून चोळलं होतं. मग मी सुटलेल्या पट्ट्याचं टोक हातात घेतलं. अंगठ्याचं नख तिथे नेलं, आपण दुकानात प्रत्येक टायराला लावतो तसं. फौजदार वाकून बघत होते. नख रुतलं असतं तर गंधक कमी पडलेलं आहे हे त्यांनाही दिसलं असतं, आणि मग बाकीचं कुठे गेलं हा प्रश्न तुम्हाला विचारला गेला असता. मी नख लावलं नाही. हात तसाच मागे घेतला आणि म्हणालो, "खरं आहे. फार कडक झालंय."

तेव्हा तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. ती नजर मला पुढे कितीतरी वर्षं कळली नाही.

फौजदारांनी आपल्याला बरंच सुनावलं. लढाईच्या दिवसांत सरकारी परवान्यावरचा माल असा नासवता म्हणाले, आणि परवाना बंद केला. पण सोडलं. आपण दोघं सीताबर्डीच्या रस्त्याने घरी आलो, तुम्ही पुढे, मी मागे. दुकानात पाहतो तर तयार होऊन ठेवलेल्या टायरांचे पट्टे सोमाने सोलून काढलेले, आणि भट्टीत त्यांचा धूर. तुम्ही म्हणालात, खराब माल कशाला ठेवायचा. मला वाटलं, पुरावा जाळला.

त्यानंतर गल्लीत तुमचं नाव टायर तडकवणारी बाई असं पडलं. दादाच्या वेळेपासूनची गिऱ्हाइकं दुसरीकडे गेली. आपण सायकलच्या ट्यूबांना ठिगळं लावून दिवस काढले. कापूस गिरणीतल्या एका जॉबरने, म्हणजे मुकादमाने, रुळांवर रबर चढवायचं काम दिलं, तेही तुमच्या हातून नको, माझ्या हातून हवं, अशा अटीवर. तुम्ही मला बाजूला उभं राहून ते काम शिकवलंत आणि जॉबर आला की आत निघून जायच्या. ज्या बाईने आयुष्यात कुणाला आपल्या तोलात चूक काढू दिली नाही ती हे कसं सोसते, असं मला वाटायचं. आणि मग मीच स्वतःला उत्तर द्यायचो, की केलंय म्हणून सोसते.

ठाण्यातून आलो त्याच आठवड्यात तुम्ही कोठीची किल्ली माझ्यासमोर ठेवलीत. "आता तुम्हीच ठेवा." मी घेतली. आत काही उरलं नाही म्हणून देत आहात, असा अर्थ मी लावला.

कासमभाई बरे झाले, परत मोटार चालवायला लागले. पुढे एकदा आपल्या ओसरीवर चहा पिताना त्यांनी मला हळूच सांगितलं की त्या दिवशी सवाऱ्या दुप्पट होत्या आणि पुलाच्या धारदार दगडाला चाक घासून गेलं होतं. मालकाच्या भीतीने तेव्हा बोलले नाहीत. "टायर तो अच्छा था, वामनराव." ते ऐकून माझा संशय कमी व्हायला हवा होता. उलट वाढला. टायर चांगला होता तर तुम्ही तो खराब आहे असं का म्हणालात? आपल्याच हातच्या चांगल्या कामाला कुणी उगाच नाव ठेवतं का? काहीतरी झाकायचं होतं म्हणूनच ना? हे तुम्हाला विचारायचं मी अनेकदा ठरवलं. प्रत्येक वेळी तुम्ही माझ्या पानात दुसरी भाकरी टाकायच्या आणि विचारायचं राहून जायचं.

हेही खरं, की त्या वर्षांत तुम्ही मला जेवढं जपलंत तेवढं माझ्या आईनेही जपलं नसेल. मला हिवताप आला तेव्हा तुम्ही डॉक्टरच्या औषधाचा वास घेऊन मगच मला दिलंत. इंदूच्या बाळंतपणात सुईणीने हात धुतले की नाही ते स्वतः पाहिलंत. शेजारच्या कुणी मला त्या ठाण्याच्या प्रकरणावरून टोमणा मारला तर तुम्ही त्याच्या दारात जाऊन उभ्या राहायच्या, काही न बोलता, तो आत जाईपर्यंत. मी हे सगळं घेतलं आणि मनात म्हणत राहिलो की ही भरपाई चालली आहे.

लढाई संपली. बाहेरचे टायर परत यायला लागले. दुकान ठेवायचं की मोडायचं यावरून आपलं भांडण सुरू झालं ते तुमचं छातीचं दुखणं सुरू होईपर्यंत चाललं. तुमचं म्हणणं, धरमपेठेकडे नव्या वस्तीत मोटारी वाढून राहिल्या, तिकडे दुकान न्यावं. माझं म्हणणं, आपल्या नावावर आता कोण येणार. हे मी बोलायला नको होतं. तुम्ही त्या दिवशी जेवला नाहीत.

इस्पितळात शेवटच्या दिवसांत तुम्हाला बोलताना धाप लागायची. तिथल्या दाईवर तुमचा विश्वास नव्हता. पेज घरूनच लागायची. इंदू पेज आणायला गेली होती, दुपारची वेळ होती, आणि तुम्ही मला खूण करून जवळ बोलावलंत.

"भाऊजी, मी कोणाले सांगितलं नाही बरं."

मला वाटलं तुम्ही शेवटी कबूल करत आहात. माझं मन एकदम हलकं झालं. मी म्हणालो, "मीही नाही सांगितलं, वहिनी. कधीच नाही."

तुमच्या कपाळाला आठी पडली. तुम्ही माझ्याकडे टक लावून पाहिलंत, गोणीच्या तळातून काढलेल्या चिमटीकडे बघायच्या तसं. काही विचारणार होता, पण खोकला आला, आणि मग इंदू पेज घेऊन आली. पुढचं बोलणं झालं नाही. दुसऱ्या दिवशी तुम्ही गेलात.

तेरावं झाल्यावर विठ्ठल एक दिवस राहिला. दुपारी ओसरीवर बसून तो उमरेडच्या मोटारीची वाट पाहत होता. आता गोरे जाणार म्हणतात, त्या दिवसांतल्या गोष्टी लोक मोठ्याने सांगायला लागले आहेत. मी त्याच्याजवळ जाऊन बसलो आणि सरळ विचारलं, की चळवळीच्या साली ताईने तुला गंधक दिलं ते आता सांगायला हरकत नाही, मला तेव्हाच ठाऊक होतं.

त्याने गाठोडं बाजूला सारलं. मग म्हणाला, "वामनराव, हे तुम्ही मले विचारून राहिले?"

मी म्हटलं, मग कुणाला विचारू.

"गंधक तं तुम्ही नेलं. ताईनं रांगोळीवर तुमच्या चपलीचा ठसा पाह्यला होता."

मग त्याने सांगितलं. मला ठाण्यात नेलं त्या रात्री तो आपल्याच घरी होता, माळ्यावर लपून. तुम्ही त्याला उतरवून आधी त्यालाच विचारलंत, की भाऊजींनी गंधक तुझ्या मित्रांना दिलं का. तो नाही म्हणाला. शपथ घेतली. मग तुम्ही कोठीच्या तळाशी राहिलेलं गंधक मुठीने काढलंत आणि त्याच्यासमोर, सोमाने मोटारीवरून काढून आणलेल्या कासमभाईंच्या टायरावर चोळत बसलात. टायर चांगला आहे, नख लावलं की रबर दबतं आणि परत वर येतं, हे तुम्ही आधी पाहून घेतलं होतं. बाकीचेही चांगले होते, म्हणून ते सोलून जाळायला सोमाला सांगितलंत. कुणी येऊन नख लावलं असतं तर तुमचं सगळं बोलणं खोटं पडलं असतं.

विठ्ठलने तुम्हाला विचारलं होतं, "ताई, दुकानाचं नाव जाईन. त्यानं केलं तं तू काहून भोगतं?"

तुम्ही चोळता चोळता म्हणालात, "दिलं असन तं चांगल्या कामालेच दिलं असन. आन् इकलं असन तरी आपलाच माणूस हाय."

हे सांगून विठ्ठल मोटारीच्या वाटेकडे बघू लागला. मी त्याला म्हणालो, "विठ्ठल, मी नेलं नव्हतं. मी नुसतं आत जाऊन पाहिलं होतं." त्याने मान हलवली, पण ती दुखवट्याच्या घरी हलवतात तशी. त्याच्या डोळ्यांत तुमचीच नजर होती. मोटार आली, तो पाया पडून गेला, आणि माझ्यावर विश्वास न ठेवता गेला.

तेव्हापासून मी इथे बसून तुमची एकेक गोष्ट परत पाहतो आहे. निघताना तुम्ही खाली का पाहिलंत. किल्ली का दिलीत. मी पट्ट्याला नख न लावता कडक आहे म्हणालो तेव्हा माझ्याकडे तसं का बघितलंत. तुम्हाला माहीत होतं तो कडक नाही, आणि तुम्हाला वाटलं मी स्वतःला वाचवायला खोटं बोललो. आणि इस्पितळात कपाळाला आठी का पडली. मी काय सांगितलं नाही, हे तुम्हाला शोधून काढायचं होतं. तुम्ही तो संशय बरोबर घेऊन गेलात.

वहिनी, मी तुमची क्षमा मागत नाही. तुम्हीही मागितली नसती. आपण दोघं त्या घडणीची माणसं नव्हतो. मी तुम्हाला चोर समजत होतो आणि तुम्ही वाढलेलं जेवत होतो. तुम्ही मला चोर समजत होता आणि माझ्यासाठी ठाण्यात जाऊन आपल्या हाताला नाव ठेवून आलात. माझ्यावर विश्वास ठेवणारी माणसं पुष्कळ भेटली, पण त्यातलं कुणी माझ्यासाठी एवढं केलं नसतं. हे तुम्हाला सांगायला मला पाच मिनिटं मिळायला हवी होती. ती पेज थोडी उशिरा यायला हवी होती.

आता एक राहतं. तुम्ही नेलं नाही, मी नेलं नाही, विठ्ठल शपथ घेतो. तरी गंधक गेलं, हे तर खरं. सोमा तेव्हा खरजेवर लावायला म्हणून चिमूटभर मागायचा. चिमूटच नेली असेल का? इतवारीच्या त्या व्यापाऱ्याच्या गोण्या तुम्ही जाळून तपासल्या, पण तोलून कधी घेतल्या होत्या का? आणि तो टांगेवाला, जो आपल्या दारात येण्याआधी घोड्याला पाणी पाजायला थांबायचा, तो नेमका कुठे थांबायचा? हे मी इंदूला विचारून पाहिलं. ती म्हणाली, आता जाऊ द्या ना. तिला यातलं काही कळत नाही. तुम्ही असत्या तर ओसरीवर दुपारभर बसून आपण दोघांनी मिळून एकदा तरी तिसऱ्या कुणावर संशय घेतला असता.